ती वही परत द्या : कर्मचारी सहाय्य कार्यक्रमाविषयी आमच्या कारखान्याच्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व संचालक मंडळाचे सर्व सदस्य,
तसेच मनुष्यबळ विभागाचे प्रमुख यांस

महोदय,

आपल्या कारखान्याच्या दवाखान्यात, म्हणजे हल्ली सगळे ज्याला ‘ओएचसी’ म्हणतात त्या मुख्य फाटकाजवळच्या तीन खोल्यांत, मी १९ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी आपण माझ्याविषयी चार चांगले शब्द बोललात, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच आपल्याविरुद्ध तक्रार लिहिताना हात थोडा अडखळतो. परंतु गेल्या महिन्यात कारखान्यात जे परिपत्रक लागले ते वाचून मला गप्प बसवले नाही. त्याविषयी मी आपणांस दोन पत्रे पाठवली. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही, आणि उत्तर एकाही पत्राला नाही. म्हणून हे तिसरे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. कारखान्याचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. पुणे-नाशिक रस्त्यालगत वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने एकाला एक लागून आहेत, आणि ज्या परिपत्रकाबद्दल मी लिहिते आहे तसेच दुसरे एखादे शेजारच्या फाटकातही लागलेले असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

परिपत्रक एका पानाचे आहे. ‘कर्मचारी सहाय्य कार्यक्रम’ असे ठळक शीर्षक, त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांचे चित्र, एक क्यूआर कोड आणि सहा नियम. कंपनीने बाहेरच्या एका संस्थेशी करार केला असून ताणतणाव, झोप न लागणे, घरगुती प्रश्न, व्यसन अशा कोणत्याही अडचणीसाठी कर्मचाऱ्याला ॲपवरून समुपदेशकाशी बोलता येईल, असे त्यात म्हटले आहे. इथपर्यंत वाचून मला आनंदच झाला, कारण अशा सोयीसाठी नोकरीत असताना मी स्वतः तीनदा अर्ज केले होते. चौथा नियम सांगतो की ही सोय कायम कर्मचाऱ्यांपुरती आहे. सहावा नियम असा आहे : ‘कामाच्या नियोजनाच्या सोयीसाठी लाभार्थी कर्मचाऱ्यांची यादी दरमहा संबंधित विभागप्रमुखांना उपलब्ध करून दिली जाईल.’ हे वाक्य ज्याने लिहिले त्याच्या मनात काही वाईट असेल असे मला वाटत नाही. कॅन्टीनच्या कुपनांची यादी जशी विभागप्रमुखांकडे जाते तशीच ही जाईल, एवढाच त्याने विचार केला असावा. पण त्या एका वाक्यानंतर वरच्या पाच नियमांना काही अर्थ उरत नाही, आणि तो का उरत नाही हे सांगण्यासाठी मला माझी स्वतःची एक चूक सांगावी लागणार आहे.

दवाखान्यात रात्रपाळीला येणारा माणूस बहुधा दुखण्याचे नाव घेऊन येतो. अडीच-तीनच्या सुमारास कोणी डोके दुखते म्हणून येतो, कोणी पित्ताची गोळी मागतो, कोणी ‘सिस्टर, जरा बीपी बघा’ म्हणतो. बीपी तपासायला दोन मिनिटे लागतात. पण दंडाला पट्टा गुंडाळला, की माणूस आपोआप थोडा वेळ स्थिर बसतो, समोर घाई नसलेले कोणी आहे हे त्याच्या लक्षात येते, आणि मग तो बोलू लागतो. मुलीचे लग्न मोडले, भावाने जमिनीची वाटणी अडवली, मोबाइलवरच्या ॲपमधून वीस हजार घेतले होते आणि आता वसुलीवाले सासुरवाडीला फोन करतात, सहा महिने झाले झोपच नाही, अशा गोष्टी मी या खोलीत ऐकल्या. मी समुपदेशक नाही. मी ऐकून घेत असे, साखर घालून चहा देत असे, आणि गरज दिसली तर डॉक्टरांची वेळ ठरवून देत असे. माझ्या ताकदीत एवढेच होते.

दवाखान्याची नोंदवही हिरव्या पुठ्ठ्याची होती. नाव, टोकन क्रमांक, विभाग, तक्रार, दिलेले औषध असे तिचे रकाने. जे नुसते बोलायला आले त्यांच्या नावापुढे मी शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने बारीक ‘बो’ लिहीत असे, म्हणजे ‘बोलले’. पुढच्या पाळीला तो माणूस पुन्हा आला तर मागचे संदर्भ लक्षात राहावेत, एवढ्यासाठी. चार वर्षांपूर्वी प्रेस शॉपमध्ये एका कामगाराची दोन बोटे गेली. त्यानंतरच्या चौकशीत मनुष्यबळ विभागाने सुरक्षिततेच्या कारणासाठी ती वही मागवली, आणि मी दिली. ‘बो’ म्हणजे काय असे मला विचारण्यात आले, आणि मी सांगितले. त्या वेळी मला त्यात काही वावगे वाटले नाही. अपघात झाला होता, सगळे घाबरलेले होते, आणि वरिष्ठांनी विचारले तर उत्तर द्यायचे ही आमच्या पिढीची सवय. पुढच्या महिनाभरात ‘बो’ लिहिलेल्यांपैकी दोघांची मशीनवरून यार्डात बदली झाली आणि एका ट्रेनीची मुदत वाढवली गेली नाही. या निर्णयांचा वहीशी संबंध होता असे मी सिद्ध करू शकत नाही, आणि तसा आरोपही करत नाही. परंतु कामगारांनी तो संबंध लावला. एका रात्रीत, कोणी काही न बोलता, दवाखान्यात बीपी बघायला येणारे थांबले. डोकेदुखीची गोळी मागणारासुद्धा खिडकीतूनच गोळी घेऊन जाऊ लागला. खुर्चीवर कोणी बसेना. वही परत आली नाही. मी तीन वेळा मागितली.

ज्यांचा उल्लेख वर आला त्यांच्यापैकी दोघांना मी हे पत्र पाठवण्याआधी वाचून दाखवले आणि त्यांच्या होकारानेच ते लिहिले आहे. तिसऱ्याचा पत्ता मला लागला नाही, म्हणून त्याच्याविषयी याहून अधिक एक शब्दही लिहीत नाही.

आता आपल्या परिपत्रकाविषयी.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार सहाव्या नियमाबद्दल आहे. जो माणूस समुपदेशकाशी बोलला, त्याचे नाव त्याच्या वरिष्ठाला कळणार असेल, तर तो बोलणार नाही. आणि जो बोलेल, तो खरे बोलणार नाही. कर्मचारी सहाय्य कार्यक्रम जगात जिथे नीट चालतात तिथे बाहेरची संस्था कंपनीला नावे देत नाही, फक्त आकडे देते : या तिमाहीत इतक्या जणांनी फोन केले, त्यांतले इतके झोपेविषयी होते, इतके कर्जाविषयी. आपल्याकडे तर आकड्यांतही सावध राहावे लागेल. टूल रूममध्ये नऊ माणसे आहेत. ‘टूल रूम : व्यसन, १’ असे तक्त्यात आले की तो एक कोण, हे शोधायला कोणाला कष्ट पडणार नाहीत. म्हणून लहान विभागांचे आकडे एकत्र करूनच द्यावेत, अशी पद्धत असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या २३ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयी आणि उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे. परिपत्रक काढण्याआधी कंपनीच्या वकिलांना ते कलम एकदा वाचायला सांगितले असते तरी पुरे झाले असते. गोपनीयतेला अपवाद असतात, हे मला ठाऊक आहे. जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, न्यायालयाचा आदेश असेल, तर समुपदेशकाला बोलावे लागते. ते अपवाद पहिल्याच भेटीत माणसाला समजावून सांगायचे असतात. ‘कामाचे नियोजन’ हा अपवाद त्या यादीत कुठेही नाही.

दुसरी तक्रार चौथ्या नियमाबद्दल. मी निवृत्त झाले तेव्हा कारखान्यात कायम कामगारांपेक्षा कंत्राटी कामगार अधिक होते, आणि रात्रपाळीला तर हे प्रमाण आणखी वाढत असे. दवाखान्याच्या खुर्चीवर बसणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तेच असत. लातूर, नांदेड, यवतमाळहून आलेली विशी-बाविशीची मुले, एका खोलीत सहा जण, पाळीपाळीने झोपणारी. एकाची पाळी संपली की दुसऱ्याने उठायचे आणि गादी त्याला द्यायची. गावाकडे दरमहा पैसे पाठवायचे, आणि पुढच्या महिन्यात काम असेल की नाही हे ठेकेदाराला विचारायचे. ज्या माणसाची काळजी सर्वांत मोठी, त्यालाच आपण दाराबाहेर ठेवले आहे. तो ज्या मशीनवर उभा असतो तिच्या शेजारच्या मशीनवर आपला कायम कामगार उभा असतो, हे तरी लक्षात घ्यावे. झोप न झालेल्या माणसाच्या हातून चूक झाली तर ती गेटपासाचा रंग बघून होत नाही.

याच ओघात एक गोष्ट, जी कंपनीला एक पैसाही न खर्च करता करता येण्यासारखी आहे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले बहुतेक कामगार, कंत्राटी धरून, राज्य कामगार विमा योजनेत येतात. त्यांच्या पगारातून वर्गणी कापली जाते, परंतु त्या योजनेच्या रुग्णालयात मानसोपचारही मिळतात, आणि दीर्घकालीन आजारांच्या तिच्या यादीत काही गंभीर मानसिक आजारही असून पात्र विमाधारकाला त्यासाठी दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के लाभ मिळू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मी स्वतः नोकरीला लागून अकरा वर्षे होईपर्यंत हे मला माहीत नव्हते, आणि मी दवाखान्यात बसत होते. अर्ज कसा भरायचा, कोणती कागदपत्रे लागतात, कोणत्या खिडकीवर जायचे, हे सांगणारा एक माणूस आठवड्यातून दोन दिवस बसवला तरी पुष्कळ कामे मार्गी लागतील.

तिसरी तक्रार इतकी साधी आहे की ती लिहिताना संकोच वाटतो. ॲप इंग्रजीत आहे. त्यात शिरायला कंपनीचा ईमेल लागतो, जो शॉप फ्लोअरवरच्या कामगाराला नसतो. क्यूआर कोड हजेरीच्या मशीनशेजारी, कॅमेऱ्याच्या बरोबर खाली लावला आहे. आणि मोबाइल तर आपल्याच नियमानुसार फाटकावरच्या लॉकरमध्ये जमा करून आत यावे लागते. म्हणजे कोड आत आणि फोन बाहेर. मागच्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याने मला सांगितले की त्या कागदासमोर आजवर त्याने फक्त एका माणसाला उभे राहिलेले पाहिले, आणि तो सुटलेली चिकटपट्टी पुन्हा लावत होता.

समुपदेशकाची सोय पूर्वी एकदा करून पाहिली, तेव्हा कामगारांनी प्रतिसाद दिला नाही, असे आपल्याकडून सांगितले जाते. ते खरे आहे, पण अर्धे. कोविडनंतर २०२१ मध्ये काही महिने दर गुरुवारी एक समुपदेशक बाई येत असत. त्यांना बसायला मनुष्यबळ विभागाला लागून असलेली काचेची केबिन दिली होती. आत कोण बसले आहे, रडते आहे की हसते आहे, हे जेवायला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसत असे. पहिल्या पाच गुरुवारी मिळून दोन माणसे गेली, आणि ती दोघेही कार्यालयातली होती. मग एकदा केबिनमध्ये रंगकाम चालू होते म्हणून दोन आठवडे त्यांना माझ्या ड्रेसिंगच्या खोलीत बसवले. त्या खोलीला पडदा आहे, दार आहे, आणि आत जाणारा माणूस पट्टी बदलायला गेला की बोलायला, हे बाहेरच्याला कळत नाही. त्या दोन गुरुवारी मिळून अकरा जण आले. रंगकाम संपले, बाई पुन्हा काचेत गेल्या, आणि तीन महिन्यांनी ‘प्रतिसादाअभावी’ सोय बंद झाली. हा अनुभव मी तेव्हा लेखी कळवला होता; तो कागद आपल्या फायलीत असेल.

चौथी तक्रार दारूविषयी आहे, आणि ती करताना मला दोन्ही बाजू दिसतात. कामावर दारू पिऊन येणे हे स्थायी आदेशांप्रमाणे, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांप्रमाणे, गैरवर्तन आहे, आणि ते तसे असायलाच हवे. भट्टीजवळ झिंगलेला माणूस उभा असेल तर तो स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो. त्याला त्या क्षणी कामावरून बाजूला काढण्यात काहीच चूक नाही. पण पुढे काय? हीट ट्रीटमेंटमध्ये २२ वर्षे काम केलेले एक दादा गेल्या दिवाळीनंतर बडतर्फ झाले. त्यांच्या पत्नीच्या परवानगीने हे लिहीत आहे. त्या आजारी पडल्या, वर्षभर रुग्णालयाच्या फेऱ्या झाल्या, आणि कधीतरी सणासुदीला घेणाऱ्या या माणसाचे पिणे रोजचे झाले. त्यांना तीन ताकीदपत्रे मिळाली. ती तिन्ही पत्रे मी पाहिली आहेत. मजकूर एकच आहे, तारीख तेवढी वेगळी. तिन्हींपैकी एकातही ‘उपचार घ्या’, ‘डॉक्टरांना भेटा’, ‘घरी काय अडचण आहे’ अशा अर्थाची एक ओळ नाही. मग आरोपपत्र, चौकशी अधिकारी आणि बडतर्फी. चौकशी नियमाप्रमाणे झाली, यात शंका नाही. आज ते एका बांधकामावर रात्रीचे राखणदार आहेत. भट्टीचे तापमान नुसत्या रंगावरून ओळखणारा माणूस आपण घालवला, आणि त्या जागी घेतलेल्या तरुणाला ते शिकायला किती वर्षे लागतील याचा हिशेब कोणत्याही चौकशी अहवालात येत नाही.

कर्मचारी सहाय्य कार्यक्रमांचा जन्मच या प्रश्नातून झाला. अमेरिकेत १९४० च्या दशकात ड्यूपाँट, ईस्टमन कोडॅक यांसारख्या कंपन्यांनी दारूत बुडालेल्या आपल्या अनुभवी कामगारांना काढून टाकण्याऐवजी उपचारांना पाठवून कामावर परत आणण्याचे प्रयत्न सुरू केले. तसे करण्यात दया किती आणि हिशेब किती, हा प्रश्न वेगळा. युद्धाच्या काळात कुशल माणूस सहज मिळत नव्हता. पुढे अनुभवातून त्यांना एक गोष्ट कळली, जी आपल्या सुपरवायझरांना आजही कोणी सांगितलेली नाही : कोण पितो, कोणाचे डोके फिरले आहे, कोणाचे घरी पटत नाही, हे ओळखणे सुपरवायझरचे काम नाही. त्याने फक्त कामाकडे पाहायचे. दांड्या वाढल्या का, माल नाकारला जाण्याचे प्रमाण वाढले का, सोमवारी उशीर होतो का, हे कागदावर दाखवायचे, खासगीत बोलायचे, आणि मदत कुठे मिळते ते सांगून थांबायचे. निदान करायला डॉक्टर आहेत. आपल्याला तर दूर जावेच लागत नाही. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्यासाठी काम करणारी आयपीएच आहे, आणि दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतून होणाऱ्या सभा आहेत. बंगळूरच्या ‘निमहान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्या बारांत नव्हता) दारूच्या आजाराने ग्रासलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असे आढळले. कारखान्याचे दार हे त्या माणसापर्यंत पोहोचण्याचे दुर्मीळ दार आहे, कारण तो रोज तिथून आत येतो.

पाचव्या तक्रारीविषयी थोडक्यात लिहिते. बायकांच्या खोलीत लागलेल्या प्रतीत ‘कामाच्या ठिकाणी त्रास होत असल्यास ॲपवर बोला’ असे आहे. लैंगिक छळाची तक्रार ही २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे जायची असते. समुपदेशकाचा आधार त्याबरोबर मिळावा, त्याऐवजी नव्हे. त्या सूचनेत समितीच्या सदस्यांची नावे आणि संपर्क आजच घालावेत.

आणि सहावी गोष्ट अशी, की ती कोणत्याच समुपदेशकाच्या हातात नाही. पुढच्या आठवड्याची पाळी रविवारी रात्री आठ वाजता व्हॉट्सॲपवर कळते. सलग रात्रपाळ्यांनंतर मधे सुट्टी न देता पहिली पाळी लावली जाते. महिनाअखेर आली की ओव्हरटाइमला ‘नाही’ म्हणणाऱ्याचे नाव लक्षात ठेवले जाते. या सगळ्याने ज्याची झोप गेली त्याला तज्ज्ञाने दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचे, हे मला पाय आवळणाऱ्या बुटात रोज मलमपट्टी करण्यासारखे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत समुपदेशन आहेच. पण त्याबरोबर कामाची रचना सुधारणे आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. ज्या कारखान्यात आठ तासांच्या पाळीनंतर माणसे माझ्या खुर्चीवर येऊन बसत, तिथे बारा तासांनंतर काय होईल याचा विचार पाळ्यांचे तक्ते बनवणाऱ्यांनी आधी करावा.

आपल्या कामगार संघटनेलाही मी या पत्राची प्रत देत आहे. वेतनकरारासाठी तिने दिलेल्या मागणीपत्रात कॅन्टीनच्या वरणाच्या दाटपणावर दीड पान आहे, आणि मनःस्वास्थ्यावर एक ओळ नाही. वरणाची मागणी रास्तच होती. मीही तेच वरण खात होते.

खर्चाविषयी आपण बोलाल, म्हणून आधीच सांगते. करार आपण केलेला आहे, पैसे आपण मोजलेले आहेत, आणि ते वाया जाण्याची व्यवस्थाही आपणच सहाव्या नियमाने करून ठेवली आहे. मी जे मागते आहे त्यातले बरेचसे त्याच पैशांत होण्यासारखे आहे.

माझ्या मागण्या अशा. सहावा नियम १५ दिवसांत मागे घ्यावा, आणि तो मागे घेतल्याचे नव्या परिपत्रकाने, मराठी व हिंदीत, कळवावे. जुना कागद गुपचूप काढून टाकू नये. बाहेरच्या संस्थेशी झालेल्या करारात कोणाचेही नाव कंपनीला कळवले जाणार नाही, असे कलम घालावे, गोपनीयतेचे अपवाद त्यातच लिहावेत, आणि ते पान सूचनाफलकावर लावावे. चौथा नियम बदलून कंत्राटी कामगार, ट्रेनी, अप्रेंटिस आणि प्रत्येकाचे कुटुंबीय यांना सोय खुली करावी, आणि ठेकेदाराच्या करारात तशी अट घालावी. ॲपखेरीज, कोणत्याही साध्या फोनवरून, कर्मचारी क्रमांक न विचारता बोलता येईल असा मराठी-हिंदी क्रमांक चोवीस तास असावा. तो होईपर्यंत केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक सगळ्या पाळ्यांच्या बसमध्ये, स्वच्छतागृहांच्या दारांच्या आतल्या बाजूस आणि कंत्राटी कामगारांच्या ओळखपत्राच्या पाठीमागे छापावा. दारांच्या आतल्या बाजूस अशासाठी, की तिथे कॅमेरा नसतो. समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष यावेत, त्यांतला एक दिवस रात्रपाळीच्या सुरुवातीचा असावा, आणि त्यांना काचेची केबिन देऊ नये. व्यसनाच्या बाबतीत पहिल्या ताकीदपत्राबरोबरच उपचारांची लेखी संधी द्यावी, उपचारांच्या काळात नोकरी सुरक्षित ठेवावी, आणि परत आलेल्या माणसाला काही महिने भट्टी किंवा प्रेसऐवजी दुसरे काम द्यावे. त्यानंतरही तो सुधारला नाही तर आपले स्थायी आदेश आहेतच. सुपरवायझरांना काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. पाळीचे तक्ते निदान दहा दिवस आधी लागावेत. बडतर्फ झालेल्या त्या दादांच्या प्रकरणाचा फेरविचार व्हावा, अशी माझी विनंती आहे. ती मागणी म्हणून लिहिण्याचा अधिकार मला नाही, तो त्यांचा आहे.

शेवटची मागणी माझी स्वतःची आहे. चार वर्षांपूर्वी मी मनुष्यबळ विभागात दिलेली हिरव्या पुठ्ठ्याची नोंदवही दवाखान्यात परत पाठवावी. तिच्या प्रती काढलेल्या असतील तर त्या नष्ट करून तसे लेखी कळवावे. माझ्या जागी आता जी सिस्टर आहे तिने वहीतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडरबराने पुसाव्यात, वही कपाटात ठेवावी, आणि कपाटाची किल्ली तिच्याजवळच असावी.

आपली नम्र,
कारखान्याच्या दवाखान्यातील एक निवृत्त परिचारिका

प्रत माहितीसाठी :
१. कामगार संघटनेचे सरचिटणीस
२. सुरक्षा समितीचे सर्व कामगार प्रतिनिधी
३. दवाखान्यातील सध्याच्या परिचारिका